सासुरवाडीचा समुद्र

विद्यार्थीमित्रांनो, गेल्या वर्षी नाताळच्या सुटीत आम्ही दोघे अंदमानला जाणार होतो. दोघे म्हणजे मी आणि तुमच्या काकू. अंदमानचा हट्ट काकूंचा. त्यांचे माहेर बल्लारपूरचे. तिथून कुठलाही समुद्र शेकडो किलोमीटर दूर. लग्न होऊन त्या अलिबागला आमच्या घरी आल्या, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि यावरून मी त्यांना गेली पंचवीस वर्षे चिडवत आलो आहे. सदाहरित रान उतरत उतरत थेट पुळणीला भिडले आहे, अशी जागा त्यांना एकदा पाहायची होती.

पण जुलैत आमची गच्ची गळू लागली आणि अंदमानचे सगळे पैसे गच्चीवर गेले.

"मग माहेरी जाऊ या," काकू म्हणाल्या.

"अंदमानऐवजी बल्लारपूर!" मला हसू आले. "तिथे ना समुद्र, ना सदाहरित रान. उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसवर जातो, एवढेच काय ते."

"अहो, भूगोल शिकवता ना तुम्ही? मग हसता कशाला? आठ दिवसांत समुद्रही दाखवते आणि ते रानही दाखवते. नाही दाखवले तर अंदमानच्या तिकिटाचे पैसे माझ्याकडून घ्या."

मी लगेच पैज मान्य केली. काकूंनी नागपूरला भूशास्त्राची पदवी घेतली आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षातच आले नाही.

शिंपल्यांविना समुद्र

चंद्रपूरच्या पश्चिमेला वर्धा आणि पैनगंगा या नद्यांचा संगम आहे. पहिल्याच दिवशी काकूंनी मला तिकडे नेले. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ होता. डिसेंबरात पाणी ओसरते आणि काठचे खडक उघडे पडतात. राखी रंगाच्या, वहीच्या पानांसारख्या एकावर एक रचलेल्या लाद्या. काकूंनी पिशवीतून स्वयंपाकघरातली व्हिनेगरची बाटली काढली, खिळ्याने दगड थोडा खरवडला आणि त्या भुकटीवर दोन थेंब टाकले. भुकटी फसफसली.

"चुनखडी," त्या म्हणाल्या. "हा घ्या समुद्र. पहिला अर्धा भाग मी जिंकले."

ही चुनखडी साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वीची आहे. त्या वेळी इथे समुद्र होता. त्याच्या पाण्यात विरघळलेला चुना हळूहळू तळाशी साचत गेला, वरच्या थरांच्या भाराने दबला आणि त्याचा दगड झाला. हा भाग आधी उथळ किनारा होता. त्या किनाऱ्याजवळची वाळू या चुनखडीच्या खाली वालुकाश्म होऊन बसली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे एवढे कारखाने का, याचे उत्तर याच लाद्यांत आहे. सिमेंटला चुनखडी लागते. आमच्या गच्चीला जे सिमेंट लागले तेही कुठल्या तरी जुन्या समुद्राचा तळच असणार!

मी मात्र हार मानायला तयार नव्हतो. "समुद्र होता तर शंख-शिंपले कुठे आहेत?" मी विचारले. अलिबागच्या माणसाला शिंपल्यांशिवाय किनारा पटत नाही. पण माझा प्रश्नच चुकला होता. शंभर कोटी वर्षांपूर्वी शंख-शिंपले करणारे प्राणीच जन्माला आले नव्हते. पृथ्वीवर जीव होते, पण बहुतेक सगळे डोळ्यांना न दिसणारे. त्या पुळणीवर खेकडा नव्हता, माडाचे झाड नव्हते, वर आकाशात एकही पक्षी नव्हता. लाटा मात्र फुटत असणार.

तिथेच काकूंनी दुसरी गोष्ट सांगितली आणि मी खरोखर चकित झालो. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडन या अधिकाऱ्याने १८७५ साली एक टिपण प्रसिद्ध केले. चंद्रपूरच्या पश्चिमेस इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रातली चुनखडी घासून गुळगुळीत झाली आहे आणि तिच्यावर समांतर ओरखडे आहेत, असे त्यात म्हटले होते. असे ओरखडे पाणी काढत नाही. ते काढते बर्फ. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर कानशीसारखे घासत जातात. म्हणजे साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी चंद्रपुरात हिमनद्या होत्या! मे महिन्यात जिथे माणसे दुपारी घराबाहेर पडत नाहीत, त्या चंद्रपुरात! ते ओरखडे मात्र आम्हाला पाहायला मिळाले नाहीत. आम्ही गेलो त्या बाजूला पात्रात अजून पाणी होते.

"उन्हाळ्यात या जी भाऊजी, मग दिसतील," मेहुणे म्हणाले. सत्तेचाळीस अंशांत बर्फाच्या खुणा शोधत हिंडायचे, ही कल्पना मला काही फारशी आवडली नाही.

लोणच्याच्या बरणीवरचे पान

काकूंचे वडील कोळशाच्या खाणीत हजेरी-कारकून होते. काकू सहावीत असताना त्यांनी एकदा घरी एक काळा, चपटा दगड आणला. त्यावर जिभेच्या आकाराचे एक पान उमटलेले होते. मधली शीर ठळक आणि दोन्ही बाजूंना बारीक शिरांचे जाळे. आईने तो दगड लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला आणि तो तिथेच राहिला. काकू भूशास्त्राकडे वळल्या त्या या दगडामुळे. आल्या दिवसापासून त्या भावाला विचारत होत्या, "बाबांचा दगड कुठे आहे रे?" आणि तो म्हणत होता, "आहे कुठेतरी ताई, शोधून ठेवतो."

त्या पानाचे नाव ग्लॉसोप्टेरिस. ग्रीक भाषेत 'ग्लॉसा' म्हणजे जीभ. बर्फ वितळल्यावर, साधारण सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी, इथे मोठमोठ्या दलदली झाल्या आणि त्यांत या झाडांची रानेच्या राने उभी राहिली. झाडे पडली, पाण्याखाली गाडली गेली. तिथे हवा पोचत नसल्यामुळे ती पुरती कुजली नाहीत. वर गाळ साचला, भार वाढला, उष्णता वाढली आणि कोळसा झाला. आज चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तिथे जळतात ती हीच राने.

"म्हणजे वर्षावन सापडले! आता पूर्ण पैज तुझी," मी उदारपणे म्हणालो.

"नाही," काकू म्हणाल्या. "उगाच मार्क देऊ नका."

कोळसा म्हटला की घामट, उष्ण, घनदाट रानाचे चित्र आपल्या पुस्तकांत असते. ते युरोप-अमेरिकेच्या पुष्कळशा कोळशाला लागू पडते, कारण तो कोळसा तयार झाला तेव्हा त्या भूमी विषुववृत्ताजवळ होत्या. आपला देश मात्र त्या वेळी दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाला चिकटून, ध्रुवाच्या बाजूला पडलेला होता. ग्लॉसोप्टेरिसच्या खोडांत वर्षावर्षाची स्पष्ट वलये दिसतात. म्हणजे वर्षाचा काही काळ वाढ थांबत होती. त्याची पाने दगडांत जागोजाग थरच्या थर सापडतात, जणू एकाच मोसमात झडलेली. थंडी पडली, दिवस लहान झाले, की हे झाड पाने टाकून देत असे. ते थंड प्रदेशातल्या दलदलीचे रान होते, उष्ण वर्षावन नव्हते.

इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन स्कॉट १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतत असताना त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी वाटेत सुमारे सोळा किलो दगड गोळा केले. उपासमार होत होती, पायांना हिमदंश झाला होता, तरी त्यांनी ते ओझे टाकले नाही. पुढे बर्फात त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा दगडही जवळच होते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. बल्लारपूरच्या लोणच्याच्या बरणीवर होते तसलेच पान अंटार्क्टिकाच्या बर्फात! झाडाला काही महासागर ओलांडून जाता येत नाही. पूर्वी या भूमी एकत्र होत्या, असे म्हणणाऱ्यांना त्या दगडांनी मोठा आधार दिला. आणि त्या एकत्र भूमीचे नाव काय? गोंडवन! १८७२ मध्ये मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने इथल्या खडकांसाठी गोंडांच्या देशावरून हे नाव वापरले आणि १८८५ मध्ये झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ते साऱ्या जोडभूमीला दिले. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. त्यांनी बांधलेला परकोट आजही शहराभोवती उभा आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका या सगळ्यांच्या जुन्या घराला माझ्या सासुरवाडीचे नाव मिळाले आहे. हे कळल्यापासून मी चिडवणे जरा कमी केले आहे.

तहानेची पानगळ

पुढे आम्ही आलापल्लीला गेलो. बल्लारपूरपासून शंभरेक किलोमीटर, गडचिरोली जिल्ह्यात. तिथे सहा हेक्टरांचा एक तुकडा आहे. तिथे तोड करायची नाही, असे वनखात्याने १९५३ पासून ठरवले. लोक त्याला 'वनवैभव' म्हणतात. २०१४ मध्ये शासनाने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. आत शिरल्यावर मान वर करकरून दुखू लागते, एवढे उंच साग.

"हे तर वर्षावनच वाटते," मी म्हणालो.

"पान बघा," काकू म्हणाल्या.

वर्षावनातल्या पुष्कळ झाडांची पाने टोकाला निमुळती, सुईसारखी लांब होत गेलेली असतात. पावसाचे पाणी त्या टोकावरून झटकन ओघळून जाते. रोजच पाऊस असेल तर पान कोरडे होणे महत्त्वाचे, नाहीतर त्यावर शेवाळ चढते. सागाचे पान सुपाएवढे आणि खरखरीत. त्याला तसले टोक नाही. (कोवळे पान तळहातावर चोळा, हात लाल होतो. तुम्ही हा खेळ केला असेलच.) शिवाय डिसेंबर संपत आला होता आणि पायाखाली वाळकी पाने चुरचुरत होती. गडचिरोलीत वर्षाला साधारण तेराशे ते पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो. हा काही कमी नाही, पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून जातो. वर्षावनाला नुसता भरपूर पाऊस पुरत नाही, तो वर्षभर वाटून पडावा लागतो. इथे पुढचे सात-आठ महिने कोरडे. पानांतून पाण्याची वाफ होऊन जात असते, आणि सागाची पाने तर एवढी मोठी. मुळांना पाणी मिळेनासे झाले की झाड पाने टाकून खर्च बंद करते.

ग्लॉसोप्टेरिसने पाने टाकली थंडी-काळोखाला भिऊन, साग टाकतो तहानेला भिऊन. दोघांच्या पानगळीत सत्तावीस कोटी वर्षांचे अंतर आहे आणि जागा जवळपास तीच. या मधल्या काळात भूमी मात्र दक्षिण गोलार्धातून सरकत सरकत विसाव्या उत्तर अक्षांशापर्यंत आली.

बारापाची मांडी

आलापल्लीहून आणखी शंभरेक किलोमीटर गेले की सिरोंचा लागते. महाराष्ट्राचे अगदी टोक. बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानी पडते. जवळच वडधम येथे वनखात्याचे जीवाश्म उद्यान आहे. तिथे झाडांची दगड झालेली खोडे पडलेली आहेत. लांबून वाटते कोणीतरी ओंडके तोडून टाकले आहेत. हात लावला की थंड दगड. झाड गाळात गाडले गेले, पाण्यातली सिलिका खोडाच्या कणाकणांत भरत गेली आणि लाकडाचा आकार तेवढा उरला.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५७ मध्ये महालनोबिसांनी पामेला रॉबिन्सन या इंग्रज विदुषीला बोलावून भूशास्त्राचा विभाग सुरू केला होता. आकडेशास्त्राच्या संस्थेत हाडे कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. महालनोबिसांना तो पडला नाही, हे आपले भाग्य. त्या विभागाच्या संशोधकांना सिरोंचा तालुक्यात पोचमपल्ली गावाजवळ सुमारे तीनशे हाडे मिळाली. निदान सहा प्राण्यांची, आणि त्यांच्यासोबत झाडांची मोठी खोडे. बहुधा मोठा पूर आला असावा आणि प्राणी व ओंडके एकाच ठिकाणी येऊन अडकले असावेत. एकटे मांडीचे हाड एक मीटर सत्तर सेंटिमीटर, म्हणजे उभ्या माणसाएवढे! १९७५ साली या प्राण्याचे नामकरण झाले 'बारापासॉरस टागोराय'. बारा पा म्हणजे मोठा पाय, आणि टागोराय हे रवींद्रनाथांच्या नावावरून, कारण १९६१ हे त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. हा पाला खाणारा डायनोसॉर सुमारे चौदा मीटर लांब होता, आपल्या एसटीपेक्षाही लांब. त्याचा सांगाडा कोलकात्याला त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. कवटी मात्र मिळाली नाही.

त्याच्या काळी, म्हणजे साधारण अठरा कोटी वर्षांपूर्वी, इथे उबदार हवा होती. पण झाडे होती सूचिपर्णी. फुलांचे एकही झाड त्या रानात नव्हते. म्हणजे हेही वर्षावन नव्हे.

संध्याकाळी आम्ही प्राणहितेच्या वाळूत बसलो. पांढरी, स्वच्छ वाळू दूरवर पसरलेली. मी चपला काढल्या आणि नकळत पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. काकू हसू लागल्या.

"अलिबागला करता तसेच केलेत की!"

गंमत अशी, की ती वाळू खरोखरच समुद्राकडे निघालेली होती. इथून प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. वाटेतली धरणे हल्ली बरीच वाळू अडवून धरतात. जी निसटते ती आंध्रच्या किनाऱ्यावर पुळण होते. वालुकाश्माचे कण सुटून पुन्हा वाळू होतात, ती वाळू पुन्हा कुठल्यातरी किनाऱ्यावर जाऊन पडते. गडचिरोलीतला एखादा कण याआधी किती समुद्र पाहून आला असेल कोण जाणे.

फाटलेले पान

बल्लारपूरला परतल्यावर त्या रात्री मेहुण्यांनी खरे काय ते सांगितले. तीन वर्षांपूर्वी जुने घर पाडून नवे बांधले, तेव्हा बाबांचा दगड बाकीच्या दगड-विटांबरोबर जोत्याच्या भरावात गेला. गवंड्याला काय ठाऊक? त्यांनाही दुसऱ्या दिवशी लक्षात आले. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून ज्या खोलीखाली तो भराव होता तिथे गेल्या, चटई टाकली आणि म्हणाल्या, "आज मी इथेच झोपते." सकाळी भावाशी त्या नेहमीसारख्या बोलल्या. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

परतीच्या वाटेवर वरोरा तालुक्यात पिसदुरा गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. हसू नका! हे विष्ठाश्म साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. एका बांधाच्या कडेला काकूंनी मला एक दाखवला. बटाट्याएवढा, तपकिरी. पाहिला आणि तिथेच ठेवला. जीवाश्म उचलून घरी न्यायचे नसतात, कारण तो कोणत्या थरात पडला होता ही त्याची अर्धी माहिती असते.

गवताच्या पात्याने बोट कापते, हे तुम्ही अनुभवले असेल. पात्यात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे ते कापते. वनस्पतींच्या वेगवेगळ्या गटांत या कणांचे आकार बहुधा वेगवेगळे असतात. वनस्पती कुजली तरी कण उरतात. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे कण मिळाले. ते २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांत ताडवर्गातल्या झाडांचे कण होते, सूचिपर्णी झाडांचे होते आणि चक्क गवताचे होते! डायनोसॉर संपल्यावर गवत आले, असे तोवर मानत असत. ते मत बदलावे लागले. त्या गवतांत भाताचे आणि बांबूचे नातेवाईक होते. आज चंद्रपूर-गडचिरोलीची ओळख याच दोन गवतांनी होते, बांधीतला धान आणि रानातला बांबू.

"ताड आहेत, उष्ण प्रदेश आहे. आता वर्षावन म्हणायचे का?" मी विचारले. खरे म्हणजे पैज काकूंनी जिंकावी, असे मला आता वाटू लागले होते.

काकूंनी मान हलवली. "इथेही कोरडे महिने असावेत. पुरावा नाही."

मग गाडीत बसल्यावर त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. भारताची भूमी उत्तरेकडे सरकताना विषुववृत्त ओलांडून आली. त्या सुमारास, पाच कोटी वर्षांहून थोड्या आधी, इथे खरी वर्षावने होती. गुजरातेत सुरत जिल्ह्यातील वस्तान येथे लिग्नाइटच्या खाणीत त्या काळचा राळेचा अंबर सापडला आहे. आजही आशियाच्या वर्षावनांत जी उंच झाडे मोठ्या संख्येने आढळतात, त्यांच्याच कुळातल्या झाडांची ती राळ. चंद्रपुरातही तेव्हा तसलेच रान असेल का? असेलही. पण त्या काळचे थर इथे नाहीत. साचलेच नाहीत म्हणा किंवा साचून वाहून गेले म्हणा. पुस्तकातले नेमके तेच पान फाटलेले आहे.

"आणि गैरहजर मुलाला नापास म्हणत नाहीत," मी म्हणालो.

"पासही म्हणत नाहीत," काकू म्हणाल्या.

शेवटी निम्मे तिकीट त्यांनी काढायचे आणि निम्मे मी, असे ठरले. अंदमानच्या खाडीकाठी निपा नावाचा एक बुटका ताड चिखलात उगवतो. त्याच निपाची दगड झालेली फळे नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या दगडांत सापडली आहेत. निपाला खारे-गोडे पाणी लागते. म्हणजे तिथवर कधीतरी समुद्राचा फाटा आला होता. तो नर्मदेच्या बाजूने आला की गोदावरीच्या, याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. काकूंचे मत गोदावरीच्या बाजूने आहे. ती बल्लारपूरला जवळ पडते.